सॅकच्या तळाची जोडी

— परत? परत कशाला करताय ताई, कालच तर मी तुमच्या मिस्टरांच्या हातात चढवून बघितले होते हे मोजे — नाही, काउंटरवर नका ठेवू, मी काही हात लावणार नाही त्यांना एवढ्यात — आणि जरा ह्या बाजूला या बघू, उजवीकडे, त्या स्टुलावर बसा — डावा कान माझा कामातून गेलेला आहे, त्या अंगाला कोणी बोंब मारली तरी मला पत्ता लागत नाही — हां, आता बोला. एकच जोडी पुरे? कोण म्हणालं? ते म्हणाले? बरं. म्हणाले असतील. काल मात्र ह्याच मोज्यांत हात घालून, मूठ आवळून, पाच मिनिटं आरशासमोर उभे होते — बॉक्सर दिसतोय की नाही मी, असं मलाच विचारलं, आणि तुम्ही हसलात. म्हणजे, नुसत्या तोंडाने हसलात. आणि आज नकोत? निघायच्या दिवशी? गाडी चार वाजता सुटणार, आता अकरा वाजलेत, आणि माणूस जाडे मोजे परत पाठवतो? ताई, मी ह्या दुकानात बावीस वर्षं उभी आहे. वर बर्फात जाणारा माणूस शेवटच्या दिवशी काहीतरी वाढवायला येतो, कमी करायला कोणी येत नाही. नाही हो, रागावले नाही मी. बसा. सॅक आणलीय ना बरोबर? मग झालं तर. घाई कसली, ते कुठे आहेत आत्ता — दाढी करायला? आणि मग मित्रांबरोबर जेवण? मग तर चिकार वेळ आहे आपल्याकडे.

पालथी करा ती. इथे, ताडपत्रीवर. अहो लाजताय काय, आमच्या दुकानाची रीतच आहे, सॅक पालथी केल्याशिवाय इथून कोणी वर जात नाही, मग तो कितीही मोठा साहेब असो. आणि लोक काय काय भरतात म्हणून सांगू — एकीच्या सॅकमधून केस वाळवायचं मशीन निघालं होतं, म्हटलं बाई, तिथे वीज कुठून आणणार, तर म्हणते, मग बॅटरीवरचं मिळेल का तुमच्याकडे. एकाने इस्त्रीचे शर्ट आणले होते, पाच, हँगरसकट. हसा, हसा. — हां, बघू. थर्मलचे दोन जोड, छान. फ्लीसचा स्वेटर, बरोबर. पिसांचं जाकीट — हे असं कोंबून नाही भरायचं, सैल राहू द्यायचं, त्याच्यात हवा राहिली तरच ऊब. लोकरीचे पायमोजे चार, कानटोपी, गॉगल, हेडटॉर्च — सेल उलटे घातलेत, शाब्बास, म्हणजे वाटेत बटण दाबलं जाऊन संपायला नकोत — हे कोणी शिकवलं? स्वतःच वाचलंत? सॅक पण तुम्हीच भरलीय ना? दिसतंयच. स्वतःची सॅक भरणारा माणूस अशा घड्या घालत नाही, ह्या दुसऱ्यासाठी घातलेल्या घड्या आहेत — भीतीने घातलेल्या, चुकू नये म्हणून. आणि हे काय? बनियनी? सुती? सहा? काढा बाजूला. ही पण, ही पण, आणि ही जीन्स तर सगळ्यात आधी. एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा ताई, सुती कापड खाली कितीही चांगलं असलं तरी वर ते वैरी — घाम पिऊन बसतं, वाळत नाही, आणि वारा सुटला की अंगावरच कडक होतं, पत्र्यासारखं. सुती काही म्हणजे काही वर जाऊ द्यायचं नाही. हे मी प्रत्येकाला सांगते. मला पाठ आहे ते.

काय? हो हो, रेडिओ. आतून. त्या पडद्यामागे आमचे हे बसलेले असतात खुर्चीत — बातम्या, गाणी, हवामान, जे लागेल ते ऐकतात दिवसभर. माझ्या डाव्या अंगाला पडतो, मला काही येत नाही कानावर, पण गिऱ्हाइकं सांगतात, आज छान गाणं लागलंय म्हणून. लागू दे. तेवढीच करमणूक त्यांना. आणि त्यांना काही ऐकू जात नाही आपलं, रेडिओ चालू असला की ते त्यातच असतात.

भिंतीवरचा फोटो बघताय ना? तेच. उस्ताद. सगळं गाव उस्तादच म्हणायचं, नावाने हाक मारलेली मी कधी ऐकलीच नाही, माझ्यासकट. ह्या भागातले सगळ्यात जुने लीडर. खिंड पासष्ट वेळा ओलांडलेली. हो, पेपरात आला होता फोटो, मग एका पर्यटकाने मोठा करून, चौकट करून पाठवला. काढता येत नाही आता. म्हणजे — काढून कशाला ठेवायचा, लोक येतात तो बघायला. गोष्ट माहीत नाही तुम्हांला? सांगते, सगळ्यांना सांगते. बारा वर्षं झाली. खिंडीच्या थोडं खाली, पहाटेची वेळ, बाराजणांची टोळी, आणि वारा असा उठला की माणूस उभा राहीना. त्यात एक पोरगी, कॉलेजातली, पहिल्यांदाच आलेली — एक जोडी आदल्या दिवशीच भिजवलेली, आणि बाटलीचं झाकण उघडायला राहिलेले मोजे काढले नि गेले उडून, दोन्ही. रडायला लागली. तर ह्यांनी स्वतःच्या हातातले मोजे ओढून काढले आणि तिच्या हातात घातले. लगेच. एक क्षण विचार नाही केला. आणि तिला खाली आणली, सगळ्यांना खाली आणलं, दहा तास, उघड्या हातांनी. ती पोरगी आज कुठेतरी डॉक्टर आहे, दर वर्षी पत्र पाठवते. तिची सगळी बोटं शाबूत आहेत.

तुम्ही विचारणार — सगळेच विचारतात — की दुसरी जोडी? सॅकच्या तळाला दुसरी जोडी असते ना? असते. हा बघा, हा तळाचा कप्पा, ह्याला बाहेरून वेगळी चेन. ह्याच्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडी जोडी ठेवायची, जाडे हातमोजे, आणि ती कितीही मोह झाला तरी वापरायची नाही, हातातली भिजली किंवा गेली तरच काढायची. ह्याच जोडीच्या जिवावर तर ह्यांनी हातातले मोजे काढून दिले! काहीच नसतं तर कोण देतं हो. तर पेपरात असं आलंय की दुसरी जोडी काढली आणि ती पण वाऱ्याने नेली. उस्तादांनीच तसं सांगितलं. दैव. दुसरं काय.

— नका ओढू ती बाही. दिसलं मला. काल पण दिसलं होतं. मी हातमोज्यांची साईज विचारली, तुम्ही मीडियम म्हणालात, ते म्हणाले लार्ज, आणि हसत हसत तुमचं कोपर धरलं. नुसतं धरलं. पण धरणाऱ्याची बोटं पांढरी पडली होती ताई, इतकं धरलं होतं. आणि तुमच्या तोंडावर रेषसुद्धा हलली नाही. आरशात बघून ते मला विचारत होते बॉक्सर दिसतोय का, आणि मी त्यांच्या मुठीकडे बघत नव्हते, तुमच्याकडे बघत होते. मला तो चेहरा ओळखीचा आहे. म्हणून म्हणते, ते म्हणाले नाहीत. मोजे परत द्या असं ते म्हणाले नाहीत. तुम्ही आणलेत. रडू नका. अगं — रडू नकोस, इथे कोणी नाही आपल्याशिवाय. आणि मी काही चोरी पकडायला बसलेली नाही. मी कशाला पकडू. मी कोण पकडणारी.

ऐक. वाऱ्याने नेली हे खोटं. ती जोडी सॅकमध्ये नव्हतीच. मी भरायची ना सॅक, नेहमी मीच — घाईत राहून गेली. विसरले. होतं माणसाच्या हातून.

असं बघू नकोस. बरं. नाही विसरले.

आता कसं सांगू तुला. हे ड्रॉवर बघ. हेच, काउंटरचं, दोरीचे तुकडे ठेवलेत ते. वर एका तंबूची चेन अडकली, पावसात लोक भिजले, आणि मी म्हणे ती नीट तपासून दिली नव्हती. भर दुपारी, दुकान उघडं, रस्त्यावरून माणसं येतायत-जातायत, आणि उस्तादांनी माझा डावा हात मनगटाला धरून ह्या ड्रॉवरमध्ये ठेवला — हळूच ठेवला, लहान मुलाचा हात ठेवतात तसा — आणि गुडघ्याने ड्रॉवर बंद केलं. मग उघडलं. मग परत बंद केलं. पहिल्या वेळी करंगळी गेली, दुसऱ्या वेळी तिच्या शेजारची. ही बघ, अजून वाकडीच आहे. ओरडू नकोस म्हणाला, गिऱ्हाईक येईल. आणि आलं की गं गिऱ्हाईक! दोरी हवी होती त्याला, वीस मीटर. मी उजव्या हाताने मापून दिली. उस्ताद त्याला वरचं हवामान सांगत होते, हसून हसून, इतकं गोड बोलायचा तो, तुला काय सांगू — आणि माझा डावा हात एप्रनच्या खिशात, फुगत चाललेला. कानाचं विचारतेस? बुटाने. ट्रेकचा बूट, ओला, वजनदार, मी खाली पडलेली, त्याची टाच. का म्हणून? चहा गार होता म्हणून, नाहीतर गरम होता म्हणून. खरंच आठवत नाही. सुरुवातीला मी कारणं लक्षात ठेवायचे, म्हणजे परत तसं होऊ द्यायचं नाही असं मनाशी ठरवायचे — तू पण ठरवत असशील. मग कळलं की कारण माझ्याकडे नव्हतंच कधी. त्याच्या हातात होतं. तंबूची काठी मोडेपर्यंत मारलं एकदा आणि मग काठी मोडली म्हणून मारलं.

आणि गावात? देवमाणूस. वर टोळीत कोणाला चक्कर आली तर त्याची सॅक स्वतःच्या पाठीवर घेणार, पोराटोरांचे बूट स्वतः बांधणार. निघायच्या आदल्या दिवशी सगळ्यांना इथे बसवायचा, ह्याच ताडपत्रीवर, प्रत्येकाची सॅक पालथी. एकाची सोडायचा नाही. फक्त स्वतःची नाही. लीडरची सॅक कोण तपासणार? आणि तो काय करायचा माहितीये — मी भरलेली सॅक उचलायची, बाहेरून तळाचा कप्पा एकदा मुठीत दाबायचा, असा, मऊ लागलं की झालं, खांद्यावर टाकायची. आणि सगळ्यांसमोर म्हणायचा, बायकोने भरलीय, तपासायची गरज नाही. बायका कौतुकाने बघायच्या माझ्याकडे. किती विश्वास म्हणे. विश्वास कसला! माझी चूक करायची टाप नाही, ह्याची त्याला खात्री होती. चूक करून बघितलेली होती ना मी, त्या ड्रॉवरमध्ये.

त्या खेपेला निघायच्या आदल्या दिवशी सकाळी नाकावर बुक्की बसली होती. रक्त थांबेना. हात पुसायचा एक टॉवेल होता आमचा, पांढरा, लहान, तो धरून बसले होते. मग धुतला. डाग काही गेला नाही, तपकिरी होऊन राहिला, मधोमध. दुपारी तो दोरीवर वाळला, आणि मी सॅक भरायला घेतली. सगळं भरलं, जिथल्या तिथे. शेवटी तळाचा कप्पा. प्लॅस्टिकच्या पिशवीतून मोजे काढले, आणि तो टॉवेल गुंडाळला — दोन गुंडाळ्या केल्या — आणि भरला पिशवीत. बाहेरून दाबून बघितला. तेवढाच जाड, तेवढाच मऊ. मी चेन ओढली आणि चहा टाकला.

मरावा असं वाटत होतं का? विचार, विचार, तुझ्या तोंडावर लिहिलंय. नाही गं. म्हणजे, नाही असं शपथेवर नाही सांगता येणार. पण मी असा हिशोब केला होता — हिशोब कसला, वेडेपणा — की हातातले मोजे भिजतील, तो दुसरे शोधेल, मिळणार नाहीत, बोटं गारठतील. खाली आल्यावर दोन-चार दिवस मूठ वळणार नाही. तेवढंच. दोन-चार दिवस मूठ वळू नये, एवढंच मागत होते मी. मला काय माहीत त्याला तिथे देव व्हायचं होतं. हातातले काढून देईल असं मला स्वप्नात तरी आलं असतं का? घरात ज्याने पाण्याचा ग्लास कधी उचलून दिला नाही मला!

आणि त्याने पोरीला मोजे घातले, सॅक उतरवली, चेन ओढली, पिशवी उघडली. रोज डोळ्यांसमोर येतं ते माझ्या. त्या वाऱ्यात. हात आत घातला आणि बाहेर आला टॉवेल. सुती. डागासकट. ओळखला नसेल? त्यानेच तर फेकला होता माझ्या अंगावर सकाळी, पूस म्हणून.

खाली आला तेव्हा बोटं मेणासारखी होती, टकटक वाजायची एकमेकांवर. मग फोड आले, मग काळी पडली, आणि मग डॉक्टरांनी वाट बघितली — वाट बघतात ते, किती जातंय ते कळेपर्यंत — आणि काढली. आठ बोटं आणि डावा अंगठा. उजवा अंगठा अर्धा राहिला. त्याच अर्ध्या अंगठ्याने रेडिओचं बटण फिरवतो तो, बाकी काही येत नाही त्याला. हॉस्पिटलच्या दारात लोक उभे होते माझे हात हातात घ्यायला. भाग्यवान आहेस म्हणाले. मी घरी येऊन सॅक पालथी केली. तळाच्या कप्प्यात प्लॅस्टिकची पिशवी होती, घडी घातलेली, रिकामी. टॉवेल नव्हता. वाऱ्याने नेला असेल, त्याने फेकला असेल, मला माहीत नाही. त्याने विचारलं नाही. बारा वर्षांत एकदासुद्धा नाही. पेपरवाल्याला सांगितलं दुसरी जोडी उडून गेली, माझ्यासमोर सांगितलं, माझ्याकडे न बघता. आणि मी पण काही बोलले नाही. आज पहिल्यांदा बोलतेय, आणि तेही कोणाशी, तर जिचं नावसुद्धा मला माहीत नाही. सांगू पण नकोस.

सुटले का मी? मोजे परत आणलेस ते असंच मनात धरून ना — तुला वाटतंय हात गेले की मार गेला. बरोबर आहे. मार गेला. त्या दिवसापासून एक बोट लागलं नाही मला. पण सकाळी त्याचं तोंड कोण धुतं? शर्टाची बटणं? चड्डीची नाडी? जेवण भरवायचं, तीन वेळा, चमच्याने, बारा वर्षं, समोर बसून, त्याच तोंडात. सोडून जाऊ म्हटलं तर कुठे जाऊ? धडधाकट माणूस सोडता येतो गं. लुळा नाही सोडता येत. लोक सोडू देत नाहीत. आणि ज्याचा फोटो पेपरात आलाय तो तर नाहीच नाही. पळायला दोन पाय होते माझे, ते मीच त्या कप्प्यात घालून चेन ओढली.

आणि अजून एक आहे. हे नव्हतं सांगायचं. पण आता राहिलंय काय. — मी मारते त्याला. हो. ऐकलंस ते बरोबर ऐकलंस. पहिल्यांदा चौथ्या की पाचव्या महिन्यात, त्याने घास थुंकला, आणि माझा हात उठला, आणि लागला, आणि त्याने हात वर केले तोंडासमोर, ते हात, बँडेजचे — आणि मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी परत मारलं. मग ठरवलं, पुन्हा नाही. मग पुन्हा. मग कारणं. माझ्याकडे पण कारणं यायला लागली, ढीगभर. काल सकाळी पाणी सांडलं त्याच्याकडून. चमचा होता माझ्या हातात, स्टीलचा, तोच कपाळावर हाणला, फुटलं कपाळ. आणि तो ओरडणार तर मी काय म्हटलं माहितीये? ओरडू नकोस म्हटलं. गिऱ्हाईक येईल. आणि लगेच तुम्ही दोघं आलात. मी हात पुसून बाहेर आले आणि तुझ्या नवऱ्याला मोजे घालून दाखवले.

म्हणून घाल हे मोजे परत सॅकमध्ये. माझ्यासमोर घाल. पिशवीत, तळाच्या कप्प्यात, हां — आणि चेन ओढ. तुझ्या नवऱ्याची दया येते म्हणून नाही, त्याचं काय व्हायचं ते होवो. तो दोन्ही हातांनी खाली यायला हवा, धडधाकट, म्हणजे त्याला स्वतःच्या हाताने जेवता येईल आणि तू तिथे नसलीस तर कोणी तुला बोल लावणार नाही. किती दिवसांचा ट्रेक आहे? नऊ. नऊ दिवस, आणि दुसऱ्या दिवसापासून वर फोन लागत नाही. नऊ दिवसांत माणूस कुठल्या कुठे जातो. बस, उठू नकोस. ती सॅक झाली. आता तुझी भरायची.

हो, तुझी. कोण आहे तुझं? आईकडे नको, आईकडे तो पहिला येईल. बहीण? कुठल्या गावात — नको, मला नको सांगूस. त्याला माहीत नसलेलं कोणी आहे? मैत्रीण, शाळेतली बाई, कोणीही? आहे ना? झालं. कपडे तीन जोड, जास्त नाही, ओझं झालं की माणूस परत फिरतो. कागदपत्रं सगळी तळाच्या कप्प्यात, प्लॅस्टिकमध्ये, आणि ती कोणाच्या ताब्यात द्यायची नाहीत. फोनचं कार्ड काढून टाक. औषधं. एक टॉर्च, मी देते. पायात बूट हवेत, ह्या चपला नाहीत, आणि त्या बनियनी काढल्यात ना आपण, त्यातल्या घे दोन, झोपताना घालायला होतील. तुला सुती चालेल. तू खाली जाणारेस. आणि चार वाजता त्याला गाडीत बसव, हात हलव, गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत उभी राहा. त्यानंतर एक मिनिट थांबू नकोस. सॅक मी देते, ती निळी, लहान, पडद्याजवळ टांगलीय ती — कोणी नेत नाही तिला, फार लहान म्हणतात, तुला बरोबर बसेल — थांब, काढते —

— थांब.

रेडिओ. रेडिओ कधी बंद झाला?

तुला येत होता ना ऐकू? तू ह्या बाजूला बसलीयेस, तुझे दोन्ही कान चांगले — कधी बंद झाला? मी आता इकडे वळले तेव्हा कळलं मला. ड्रॉवरचं सांगत होते तेव्हा होता? टॉवेलचं सांगताना? अगं मान काय हलवतेस, नीट सांग — त्याच्या आधीच? ड्रॉवरच्याही आधी? म्हणजे सगळं. मग बोलली का नाहीस! नाही, तुझं काय चुकलं, तू कशाला बोलशील.

— अहो? अहो, चहा टाकू का तुमचा?

...

— अहो.

ही घे सॅक. घे म्हणते ना. आणि ती त्याची, दोन्ही उचल. नाही, काही देऊ नकोस, काही लिहायचं नाही, तू आलीच नव्हतीस. उठ. माझ्या तोंडाकडे काय बघतेस, घाबरू नकोस, तो काय करणार आहे मला, त्याला हात आहेत कुठे. मी काय करेन ते मला माहीत नाही.

जा. आणि दार ओढून घेऊ नकोस जाताना. ती वीट लाव त्याला. लोकांना आतलं दिसू दे. त्याचा नव्हता थांबत, पण माझा थांबतो हात, दार उघडं असलं की. जा आता.